सारकॉइडोसिस: फुप्फुसातला आणि हृदयातला

छातीच्या एक्स-रेत गाठी दिसल्या की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, टीबीची औषधं घेऊनही फरक पडत नाही, अशा वेळी सारकॉइडोसिस या जंतूंविना गाठी होणाऱ्या आजाराचा विचार व्हायलाच हवा.

दोन्ही आजारांत ग्रॅन्युलोमा नावाच्या बारीक गाठी होतात. जे नष्ट करता येत नाही त्याला पांढऱ्या पेशी वेढा घालतात. मॅक्रोफेज या भक्षक पेशी एकमेकींना चिकटतात, काही मिळून अनेक केंद्रकांची एकच महाकाय पेशी होते आणि भोवती टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं कडं बसतं. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडून मॅक्रोफेजना चेतवतात, मॅक्रोफेज टीएनएफ हे तसंच दुसरं प्रथिन सोडून आणखी कुमक बोलावतात. टीबीच्या गाठीचा गाभा सहसा सडतो, सारकॉइडोसिसमध्ये सहसा सडत नाही. शिवाय सारकॉइडोसिसमधल्या मॅक्रोफेज सक्रिय ड जीवनसत्त्व स्वतःच बनवू लागतात, त्यामुळे काही रुग्णांत रक्तातलं कॅल्शियम वाढतं. इथे प्रतिकारशक्ती कमी नसते, ती भलतीकडे पेटलेली असते. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि मनाने घेतलेल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या अशा रुग्णाने दूरच ठेवाव्यात.

सुमारे 90 टक्के रुग्णांत हा आजार फुप्फुसांत किंवा छातीतल्या लसिकाग्रंथींत असतो. खोकला, धाप, थकवा जाणवतो आणि अनेकांचा आजार औषधांविना ओसरतो.

हृदयाचा त्रास उघडपणे दिसतो तो जेमतेम 5 टक्क्यांत. गाठ तीच, पण ती हृदयाच्या विद्युतवाहक पेशींत बसली की वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोचत नाही. नाडी मंदावते, माणूस चक्कर येऊन पडतो. पुढे तिथे व्रण उरला, तर त्याच्याभोवती विद्युतलहर गोल फिरत राहून ठोके बेफाम होतात. त्यातून अचानक मृत्यूही येऊ शकतो. म्हणून तरुण किंवा मध्यम वयात कारण सापडत नसताना हार्ट ब्लॉक झाला, म्हणजे हा विद्युतसंदेश अडला, तर नुसता पेसमेकर बसवून थांबू नये, सारकॉइडोसिस आहे का तेही शोधावं.

हृदयाच्या बायोप्सीत गाठ बऱ्याचदा हुकते, कारण गाठी विखुरलेल्या असतात. पेट (PET) स्कॅनमध्ये चेतलेल्या पेशी टिपण्यासाठी किरणोत्सारी ग्लुकोज देतात, पण ते निरोगी हृदयही शोषतं. म्हणून आदल्या दिवशी भात, पोळी, साखर बंद. अंडी, मांस असा स्निग्ध आहार आणि मग लांब उपास. हृदयाचे स्नायू चरबीवर चालू लागतात, चेतलेल्या मॅक्रोफेज मात्र ग्लुकोज सोडत नाहीत आणि चित्रात नेमक्या उठून दिसतात. पेटलेली प्रतिकारशक्ती शमवणारी स्टेरॉइड सुरू केल्यावर काही महिन्यांनी हाच स्कॅन पुन्हा करून डोस कमी करायचा की वाढवायचा ते ठरवतात.