धूमकेतूच्या फोटोंचं स्टॅकिंग

धूमकेतूचे, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत शेंडेनक्षत्राचे, एकामागोमाग काढलेले बरेच फोटो एकावर एक बसवून त्यातनं एक स्वच्छ फोटो तयार करणं म्हणजे कॉमेट स्टॅकिंग. तेजोमेघाचं स्टॅकिंग जमलेल्या माणसाला वाटतं हेही तसंच असणार, पण धूमकेतू ताऱ्यांमधनं चालत असतो, त्यामुळे तारे जुळवले की धूमकेतू फराटतो आणि धूमकेतू जुळवला की ताऱ्यांच्या रेघा होतात. पुढची सगळी खटपट या एकाच गोष्टीमुळे आहे.

वेग किती असतो ते बघा. २०२३ च्या १ फेब्रुवारीला झेडटीएफ नावाचा हिरवट धूमकेतू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला होता, तेव्हा तो दिवसाला साधारण ६ अंश सरकत होता, म्हणजे तासाला पाव अंश, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा! ४०० मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा धरला तर नुसत्या १ मिनिटाच्या एक्स्पोजरमध्ये तो ७ पिक्सेल सरकतो आणि गाभा लांबट होतो. म्हणून एक्स्पोजर छोटं ठेवायचं, २०-३० सेकंदांचं, आणि फ्रेम भरपूर घ्यायच्या. नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदार कचरा, फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, ६४ फ्रेम असतील तर ८ पट, आणि शेपटीचं फिकट टोक दिसायला लागतं ते याच जोरावर. फोटो काचेच्या प्लेटांवर काढायचे तेव्हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बार्नार्डसारखे निरीक्षक धूमकेतूचं डोकं दुर्बिणीत धरून तासन्‌तास दुर्बीण हाताने सरकवत राहायचे, म्हणून त्या काळच्या फोटोंत धूमकेतू रेखीव आणि तारे रेघांसारखे दिसतात.

आता डार्क (झाकण लावून काढलेले, सेन्सरचे दोष वजा करायला) आणि फ्लॅट (सारख्या उजेडाचे, लेन्सच्या कडेचा काळोख आणि धुळीचे डाग घालवायला) हे फोटो लावून झाले की सगळ्या फ्रेम आधी ताऱ्यांवर जुळवायच्या आणि मग धूमकेतूवर. सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममधला गाभा आपण दाखवायचा, मधल्या फ्रेममधली गाभ्याची जागा सॉफ्टवेअर फाईलमधल्या वेळेवरून काढतं. हे काम घाईत करू नका, चांगलं ३००-४०० टक्के झूम करून सगळ्यात उजळ पिक्सेलवरच क्लिक करा, कारण इथे २ पिक्सेल चुकले तर डोकं अंड्यासारखं येतं आणि नंतर कितीही शार्प केलं तरी ते गोल होत नाही. अधेमधे फाईलची वेळ बदलली असेल तरी हेच होतं.

धूमकेतूवर जुळवलेल्या फ्रेममध्ये प्रत्येक तारा दर वेळी नव्या जागी पडतो, म्हणून सिग्मा क्लिपिंग, म्हणजे त्या जागच्या सरासरीपेक्षा फार वेगळे पिक्सेल गाळायची रीत, त्याला उपरा समजून काढून टाकते. पण धूमकेतू हळू चालणारा असला की तारे पुरेसे सरकत नाहीत आणि शेपटीतनं पुसट पट्टे राहतात, तिथे प्रत्येक फ्रेममधले तारे स्टारनेट या तारे पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने आधीच काढावे लागतात, फक्त ते कधीकधी गाभ्यालाच तारा समजून खाऊन टाकतं, तेवढं बघून घ्यायचं. ताऱ्यांवर जुळवलेल्या फ्रेमचा स्टॅक वेगळा करून त्यातले नुसते तारे उचलून घ्यायचे आणि शेवटी दोन्ही एकत्र करायचे. असा फोटो दोन स्टॅक जोडून केलेला आहे हे त्याच्या खाली लिहावं असं माझं ठाम मत आहे.

रंगात लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. तेजोमेघाच्या फोटोत हिरवा नॉइज काढायची सवय असते, तीच इथे वापरली की धूमकेतूचा खरा रंग जातो. डोक्याभोवतीचा हिरवा प्रकाश दोन कार्बन अणूंच्या रेणूचा असतो आणि तो रेणू सूर्यप्रकाशात लवकर तुटतो, म्हणून हिरवा डोक्यापाशीच हवा, शेपटीत नको. आयन शेपूट, म्हणजे विद्युतभारित वायूची, निळी, धुळीची पिवळसर पांढरी.

ग्रेडियंट, म्हणजे आकाशाचा एका बाजूला कमी एका बाजूला जास्त असा उजेड, काढतानाही जपून. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू आपल्याकडे संध्याकाळी पश्चिमेला दिसला, तो संधिप्रकाशात आणि क्षितिजावरच्या धुरकटात, तेव्हा ग्रेडियंट काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, पण त्याच दिवसांत त्याला सूर्याकडे रोखलेली एक बारीक उलटी शेपूटही होती आणि मोठी शेपूट तर फ्रेमबाहेर जात होती. आकाशाचा उजेड मोजायला सॉफ्टवेअर फोटोवर नमुन्याचे ठिपके टाकतं, ते शेपटीवर पडले की सॉफ्टवेअर तिलाच आकाशाचा उजेड समजून वजा करतं, म्हणून ते ठिपके हाताने, शेपटीपासून लांब ठेवायचे.

डोक्यातले धुळीचे फवारे बघायला लार्सन-सेकानिना फिल्टर वापरतात. लार्सन आणि सेकानिना या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या १९१० च्या फोटोंवर ही पद्धत वापरली होती. फोटो गाभ्याभोवती थोडा फिरवून मूळ फोटोतनं वजा करायचा, की गोल सारखा उजेड निघून जातो आणि वळणदार फवारे उरतात. केंद्र जरा जरी चुकलं तरी खोटे फवारे तयार होतात, म्हणून तेच काम निम्म्या निम्म्या फ्रेमच्या दोन वेगळ्या स्टॅकवर करून बघायचं, दोन्हीकडे दिसला तरच फवारा खरा धरायचा.