धडधड म्हणजे धोका नव्हे

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) निर्वासितांच्या संघाचा ध्वज दोघांच्या हाती होता. त्यांतला याह्या अल घोतानी हा सीरियाचा तरुण तायक्वांदो, म्हणजे लाथांवर भर देणारा कोरियन लढतीचा खेळ, शिकला तो जॉर्डनच्या अझराक छावणीत. त्यावर आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे, युद्ध पाहिलेल्या मुलांना पुन्हा मारामारीच कशाला शिकवायची? म्हापसा-फोंड्यात पोराला कराटेला घालतानाही पालकांना हीच धास्ती असते.

उत्तरासाठी हृदयाकडे पाहावं लागेल. मोठ्या माणसाचं हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. विश्रांतीत ते ७०च्या आसपास राहतं, कारण मेंदूकडून आलेली व्हेगस नस त्याचा लगाम धरून असते. श्वास सोडताना ही नस अधिक जोरात काम करते. तिच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन झिरपतं, हृदयाच्या ताल धरणाऱ्या पेशींतली पोटॅशियमची दारं उघडतात, धनभारित पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशीचा आतला भाग अधिक ऋण होतो. मग पुढच्या ठोक्याच्या पातळीपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो, म्हणजे ठोका लांबतो. हे अॅसिटिलकोलीन तिथलं विकर (एन्झाइम) लगेच तोडतं, म्हणून परिणाम एका-दोन ठोक्यांतच दिसतो. मनगटावर बोट ठेवा, सावकाश श्वास सोडा, स्वतःच पाहा!

भेदरलेल्या मुलाचा मेंदू छातीतली धडधड हीच धोक्याची खूण मानू लागतो. तायक्वांदोत लाथांनी धडधड वाढते, श्वासाबरोबर उतरते, पुन्हा वाढते, आणि वाईट काहीच घडत नाही. घाबरण्याच्या झटक्यांवरच्या मानसोपचारातही अशी धडधड मुद्दाम अनुभवायला लावतात.

रात्री दचकून उठणाऱ्या पोराला आपल्याकडे देवचाराने झडपलं म्हणतात, नारळ ठेवतात, मीठ-मिरच्या ओवाळतात. तेवढ्यात उपचाराचे महिने वाया जातात. तायक्वांदोलाही रामबाण समजू नये. झोपच उडालेल्या मुलाला समुपदेशक हवाच, आणि छावणीत शाळा आणि पोटभर जेवणही हवं.

शिकवणाऱ्यांनी अशा मुलाला पहिल्याच दिवशी लढतीत उतरवू नये. आधी ठरलेल्या हालचालींचे संच द्यावेत, पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं. हात लावण्याआधी सांगावं, पाठीमागून ओरडू नये. लढत पुढे येईलच. तिथे पंचाने 'कल्यो' म्हटलं की दोघांनीही थांबायचं असतं, हा नियम मुलाला आधीच नीट समजावून सांगावा.