फोटोला मिळालेला नंबर: प्लेको ओळखण्यामागचा इतिहास

प्लेको म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा, टाकीत पाळला जाणारा कॅटफिश. त्याचा फोटो दाखवून 'हा कुठला?' असं विचारलं की उत्तरात नाव येत नाही, नंबर येतो. 'एल ३३३ दिसतोय.' 'छे, ०६६ आहे, पट्टे बघा.' बाहेरच्या माणसाला हा नुसता नजरेचा वाद वाटतो. खरं तर तो नंबर म्हणजे नेमकं काय, यावरचा जुना वाद आहे आणि अजून मिटलेला नाही.

नंबरांची सुरुवात १९८८ साली एका जर्मन अ‍ॅक्वेरियम मासिकाने केली. तेव्हा ब्राझीलच्या नद्यांमधून, विशेषतः शिंगूमधून, असे प्लेको युरोपात उतरत होते की ज्यांचं शास्त्रीय वर्णनच झालेलं नव्हतं. मग खोक्यावर लिहायचं काय? मासिकाने साधा तोडगा काढला. माशाचा फोटो छापायचा, तो कुठल्या नदीतून आला ते खाली लिहायचं आणि ओळीने पुढचा नंबर द्यायचा. 'एल' हे लोरिकॅरिडी या कुळाचं आद्याक्षर. पुढे दुसऱ्या एका जर्मन मासिकाने 'एलडीए' नावाची स्वतःची मालिका काढली आणि १९९०च्या दशकात कोरिडोरास या छोट्या कॅटफिशांसाठी 'सी' नंबर आले. नंबरांच्या आधी मासे ओळखण्याचं काम संग्रहालयाच्या बाटल्यांमधलं. स्पिरिटमध्ये रंग उडालेले मासे, आणि ओळख पटवायची ती दात, काटे, हाडांच्या पट्ट्या मोजून. टाकीसमोर बसलेल्या माणसाला मात्र आधी दिसते ती अंगावरची नक्षी.

या मालिकेतला सगळ्यांत गाजलेला नंबर एल ०४६. पांढऱ्यावर काळे पट्टे, बोटभर लांबी. १९९१ मध्ये त्याला हायपॅनसिस्ट्रस झेब्रा हे नाव मिळालं आणि त्याच्यासाठी नवी प्रजातीही (जीनस) उभी राहिली. नाव मिळाल्यावर नंबर मागे पडायला हवा होता, तसा तो पडला नाही. हौशी लोक आजही 'फोर्टी-सिक्स'च म्हणतात.

गुंता इथे सुरू होतो. नंबर जातीला दिलेला नव्हता, एका फोटोला आणि एका ठिकाणाला दिलेला होता. त्यामुळे एकाच माशाला अनेक नंबर लागले. सोनेरी ठिपक्यांचा 'गोल्ड नगेट' घ्या. ०१८, ०८१, ०८५ आणि १७७ हे चारही नंबर त्याचेच. कुठे ठिपके बारीक, कुठे मोठे, कुठे मासाच वयाने मोठा. २०११ मध्ये वर्णन झालं तेव्हा हे सगळे बॅरिअ‍ॅनसिस्ट्रस झँथेलस या एकाच नावाखाली आले. शिंगूच्या खालच्या भागातल्या काळ्या-पांढऱ्या माशांचंही तेच. ०६६, २३६, ३३३ अशा अनेक नंबरांना मिळून अलीकडे एकच शास्त्रीय नाव देण्यात आलं. म्हणजे ज्या दोन नंबरांवरून वर्षानुवर्षं भांडणं झाली, ती एकाच जातीची दोन रूपं निघाली.

त्यातही एल २३६ची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मूळ नंबर एका छापील फोटोचा. आज 'एल २३६' म्हणून विकली जाणारी पिल्लं बहुतेक टाकीत निवडून पैदास केलेली असतात. पिढ्यानपिढ्या जास्त पांढरे, स्वच्छ पट्ट्यांचे नर-मादी एकत्र ठेवून तयार केलेली. ती सुंदर आहेत, त्यामागे मेहनतही आहे. पण त्या पिल्लाचा नदीशी संबंध काय, हे फोटोवरून सांगता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने सांगितलं तर ते मानण्यापलीकडे इलाज नसतो. नंबर हा पत्ता होता, त्याचा ब्रँड झाला. माझ्या मते हा फरक लपवणं ही फसवणूकच आहे, भले हेतू तसा नसेल. एकाच अंड्यांच्या घोसातून निघालेल्या ३३३च्या पिल्लांत एखादं ०६६सारखं दिसतं, हे ज्याने पैदास केली आहे त्याला ठाऊक असतं. विक्रीच्या फोटोत ते पिल्लू नसतं.

फोटो कुठून काढला, यावरही बरंच अवलंबून. वरून काढलेल्या फोटोत हायपॅनसिस्ट्रस आणि पेकोल्टिया या प्लेकोंच्या दोन प्रजातींत चूक होणं सोपं आहे. मासा काचेला तोंडाने चिकटला की बाहेरून, पोटाकडून फोटो घ्यायचा. ओठांच्या मधोमध दातांच्या दोन छोट्या ओळी दिसतात. हायपॅनसिस्ट्रसचे दात मोजके आणि मोठे, पेकोल्टियाचे बारीक आणि जास्त. घाबरलेला मासा फिका पडतो, रात्री आणखी फिका, त्यामुळे फ्लॅश मारून काढलेल्या एका फोटोवर नंबर सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नये.

पोटाची हीच युक्ती आपल्याकडे वेगळ्या कारणाने कामाला येते. टाकीत मोठा झाला म्हणून सोडून दिलेला सकर मासा, हाही प्लेकोच, उजनीच्या जलाशयासह देशातल्या अनेक पाण्यांत पसरला आहे. पोटावर सुटे काळे ठिपके असतील तर टेरिगोप्लिक्थिस पार्डॅलिस, ठिपके जुळून नागमोडी रेघा झाल्या असतील तर त्याच प्रजातीतला डिसजंक्टिव्हस, असं मानतात. जाळ्यात मात्र दोन्हींच्या मधलेही निघतात.

शिंगूकडे परत येऊ. झेब्रा, म्हणजे तोच एल ०४६, फक्त त्या नदीच्या व्होल्टा ग्रांदे या मोठ्या वळणाच्या भागात सापडतो. ब्राझीलने २००४ पासून त्याची निर्यात बंद केली. २०१६ मध्ये बेलो मोंते धरणातून वीजनिर्मिती सुरू झाली आणि त्या वळणातलं पाणी घटलं. २०२२ मध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पहिल्या परिशिष्टात झेब्राचं नाव घालायचं ठरलं. आता टाकीत जन्मलेला झेब्रा देशाबाहेर पाठवायचा तरी कागद लागतो, आणि त्या कागदावर शास्त्रीय नाव लिहावं लागतं. एल ०९८ हा नंबरही झेब्राचाच मानतात, म्हणून तोही त्यात आला. तुटक पट्ट्यांचा एल १७३ झेब्रा मानायचा की नाही, यावर पैदास करणारे अजून एकमेकांना फोटो पाठवत असतात.