डिस्क कुलूप

सपाट गोल चकत्यांची चवड किल्लीने ठरावीक कोनांतून फिरली, की उघडणारे कुलूप. ‘चकतीचे कुलूप’ असा प्रतिशब्द करता येतो. पण दुकानात तो मागितला तर दुकानदार क्षणभर थांबतो आणि मग ‘डिस्क लॉक का?’ असे विचारतो. जळगावच्या फुले मार्केटात काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, त्या नावाने पुढे येणारी वस्तू दर वेळी एकच नसते. म्हणून रचनेआधी ओळख घेणे बरे.

पहिला घोटाळा आकाराचा. शटरला लावतात ते गोल, चपटे, स्टीलचे कुलूप दिसायला चकतीसारखे, म्हणून त्याला डिस्क लॉक म्हणतात. ही घडण जर्मनीतील आबुस या कंपनीने १९४९ च्या सुमारास आणली. कडी जवळजवळ पूर्ण झाकलेली असल्याने तिला करवत किंवा कटर सहज लागत नाही, हा तिचा गुण. आतली यंत्रणा मात्र बहुधा साध्या, किल्लीच्या खाचांनी उचलल्या जाणाऱ्या पिनांचीच असते. दुसरा घोटाळा मोटारसायकलचा. ब्रेकच्या डिस्कमध्ये अडकवायचे कुलूप तेही डिस्क लॉकच. आत काहीही असू शकते. तिसरा घोटाळा अधिक जुना, आणि तो ग्रंथांनीच केलेला आहे. टेबलाचा खण, पत्र्याची टपालपेटी यांच्या स्वस्त कुलपांत स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पट्ट्या असतात. इंग्रजी ग्रंथांत त्यांना ‘डिस्क टम्बलर’ म्हटले गेले. या पट्ट्या गोल फिरत नाहीत, वरखाली सरकतात. अमेरिकेत फेल्टर याच्या नावे त्यांचे पेटंट १८६८ च्या सुमारास दिले जाते, म्हणजे खऱ्या चकतीच्या कुलपाहून हा प्रकार सुमारे चाळीस वर्षांनी थोरला. ‘डिस्क कुलूप तारेनेही उघडते’ हा लौकिक या पट्टीच्या कुलपाचा; नावामुळे तो दुसऱ्याच्या माथी बसला आहे. पट्टीच्या प्रकाराला ‘वेफर’ म्हणणे अधिक सोयीचे.

खरे चकतीचे कुलूप किल्लीवरून ओळखावे, धडावरून नव्हे. जुन्या पद्धतीच्या किल्लीचा दांडा आडवा पाहिला तर अर्ध्या चंद्रासारखा दिसतो, आणि त्याच्या कडेवरच्या खाचा खोल-उथळ नसून तिरप्या कापलेल्या असतात. नव्या किल्ल्या चपट्याही असतात, पण तिरपेपणा कायम राहतो. पोकळ नळीसारखी गोल किल्ली ही या कुलपाची खूण नव्हे. ते नळीच्या किल्लीचे कुलूप. २००४ साली अमेरिकेत बॉलपेनाच्या नळीने सायकलींची कुलपे उघडून दाखवली गेली, ती त्या जातीची होती. किल्ली हाताशी नसेल तर मोबाईलच्या उजेडात भोकात पाहावे. पिनेच्या कुलपात टोकाशी पितळी पिन दिसते, वेफरच्या कुलपात वहीच्या पानांसारख्या कडा दिसतात. काडीने दाबले तर दोन्ही उसळून परत येतात. चकतीला काडी लावली तर ती फिरते आणि जिथे सोडली तिथेच राहते. तिला मागे ढकलणारी स्प्रिंग नसते. ओळखीची ही कसोटी सर्वांत भरवशाची.

या कुलपाचा जनक फिनलंडचा एमिल हेन्रिकसन. सर्वसाधारणपणे १९०७ हे साल दिले जाते. पेटंट मात्र १९१९ चे सांगतात. दोन्ही साले एकमेकांना छेद देत नाहीत. कल्पना आणि तिची नोंदणी यांत असे अंतर पडतेच. पुढे याच रचनेवर ‘अबलॉय’ हे कुलूप-उत्पादकाचे नाव उभे राहिले. हेन्रिकसन कार्यालयीन यंत्रांची दुरुस्ती करी आणि गल्ला-यंत्रातील फिरत्या चकत्यांवरून त्याला हे सुचले, अशी कथा आहे. ती संभवनीय आहे, परंतु उत्पादकाच्या घरातून आलेली कथा म्हणून थोडी सैल धरावी. रचनेचे जवळचे नाते नंबरी कुलपाशी दिसते. तिथेही चाकांच्या खाचा एका रेषेत आल्यावरच आडवा दांडा आत पडतो, आणि अशा कुलपाचे वर्णन मध्ययुगीन यंत्रकार अल-जझारी याच्या १२०६ च्या ग्रंथात आहे. नंबर हाताने जुळवण्याऐवजी ते किल्लीवर कोरून ठेवले, एवढाच फरक मानला तर हेन्रिकसनची करामत अधिक नीट उमगते.

प्रत्येक चकतीच्या मध्यभागी किल्लीचे भोक आणि कडेला एक खाच असते. किल्ली फिरवली की तिच्या कापाच्या तिरपेपणानुसार कुठली चकती लवकर, कुठली उशिरा फिरू लागते. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की बाजूचा बारीक दांडा त्यांत उतरतो आणि मधला गाभा मोकळा होतो.

नऊ चकत्या आणि प्रत्येकीला सहा कोन धरले तर १,००,७७,६९६ किल्ल्या होतात. जाहिरातीत हा आकडा शोभतो; पण किल्ल्यांची संख्या आणि उघडण्याची अवघडता या वेगळ्या गोष्टी आहेत. दांड्यावर ताण ठेवून एकेक चकती चाचपता आली, तर काम एक कोटीचे राहत नाही, नऊ गुणिले सहा म्हणजे चोपन्नाचे होते. म्हणून चांगल्या कुलपांत चकत्यांना उथळ, खोट्या खाचा देतात. बोटाला वाटते जुळले, आणि जुळलेले नसते. अबलॉयच्या २००१ च्या ‘प्रोटेक’ रचनेत दांड्यावर ताण येण्याआधीच चकत्या जागी अडकतात, त्यामुळे चाचपणीच खुंटते. खोट्या खाचा नसलेले स्वस्त कुलूप मात्र दोन भागांच्या खास हत्याराने सरावलेल्या माणसाला फार वेळ रोखत नाही. हेअरपिन, तार यांनी ते उघडत नाही, एवढे श्रेय त्यालाही द्यावे; चकती उचलायची नसून फिरवायची असते, आणि तारेला ती पकड मिळत नाही.

खानदेशच्या हवेला स्प्रिंग नसणे मानवते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, काळ्या जमिनीची धूळ उडते, जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू भोकात जाऊन बसतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतील मोटारीच्या स्टार्टरपेटीचे कुलूप तर पावसाळाही बाहेरच काढते. अशा ठिकाणी स्प्रिंगची कुलपे आधी अडतात. ग्रीस भरू नये, ते धूळ धरून ठेवते. पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात.

अडचण येते ती किल्ली हरवल्यावर. बाजारातला छत्रीखालचा चावीवाला कोरी चावी कानसून लिव्हरचे किंवा पिनेचे कुलूप चालू करून देतो. तिरपे काप त्याच्या कानशीच्या आवाक्याबाहेरचे. मग तो कुलूप हातात फिरवून पाहतो आणि कापायला सांगतो. चोरही फारसे वेगळे करत नाही. वर्तमानपत्रातली बातमी ‘कडी-कोयंडा तोडून’ अशीच असते. कोयंडा पत्र्याचा असेल तर कुलपाच्या चकत्या किती, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.