नॅशनल ऑनर सोसायटीचा अर्ज : पालकांसाठी माहितीपत्रक

दहावी-अकरावीतल्या मुलाच्या हाती शाळेतून पत्र येतं : नॅशनल ऑनर सोसायटीच्या निवडीसाठी तुम्ही पात्र आहात, सोबतचा फॉर्म भरून द्या. ही सोसायटी म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या गुणी विद्यार्थ्यांची सन्मान-संस्था. घरात आनंद होतो, भारतात आजीला फोन जातो. हा फॉर्म भरताना आम्ही मुलांना मार्गदर्शन करतो, आणि न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं आमच्याकडे बहुतेक वेळा हे पत्र घेऊनच येतात. तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगावी लागते की निवड अजून व्हायची आहे. मार्क पुरेसे आहेत, एवढंच ते पत्र सांगतं.

ही सोसायटी १९२१ साली अमेरिकेतल्या माध्यमिक मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने सुरू केली. पिट्सबर्गच्या एका हायस्कूलमध्ये पहिली शाखा निघाली. तेव्हापासून निवडीचे निकष चारच आहेत : अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. अभ्यासाची किमान अट म्हणजे ८५ टक्के, बी ग्रेड किंवा ४.० पैकी ३.० जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी). शाळेला ती वाढवता येते, खाली आणता येत नाही. अनेक शाळांनी ती ३.५ च्याही वर नेली आहे, म्हणून आपल्या शाळेचा आकडा आधी विचारून घ्या. नोकरीमुळे नुकतेच राहायला आला असाल, तर मुलाचं त्या शाळेत साधारण एक सेमिस्टर पूर्ण झालेलं असावं लागतं. आधीच्या शाळेत तो सभासद असेल, तर तिथलं पत्र आणा, सभासदत्व पुढे चालू राहतं.

निर्णय पाच शिक्षकांची समिती बहुमताने घेते. ही समिती मुख्याध्यापक नेमतात, पण ते स्वतः तिच्यात नसतात. शाळेतल्या शाखेचे सल्लागार शिक्षक बैठकीला बसतात, मत देत नाहीत. या पाचांपैकी एखाद्यानेच तुमच्या मुलाला शिकवलेलं असेल, कदाचित कुणीच नाही. त्यांच्यासमोर असतो तो फॉर्म. म्हणून आम्ही फॉर्मवर इतका वेळ घालवतो.

एका मुलीने लिहून आणलं होतं : 'गणेशोत्सवात स्वयंसेवक, १२ तास.' आम्ही विचारलं, नेमकं काय केलंस? म्हणाली, चपलांपाशी उभी होते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाड्याने घेतलेल्या सभागृहात आरती संपली की सगळे एकदम बाहेर यायचे आणि चपलांचा नुसता गोंधळ व्हायचा. तिने घरून कपडे वाळत घालायचे चिमटे आणले आणि मार्करने दोन-दोन चिमट्यांवर एकच नंबर घातला. एक चिमटा चपलांना, दुसरा माणसाच्या हातात. आजी-आजोबांना वाकावं लागू नये म्हणून दाराशी दोन खुर्च्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी दोन लहान मुलांना हे काम शिकवून त्यांच्याकडे सोपवलं. हे सगळं तिला सांगण्यासारखं वाटतच नव्हतं! सेवा आणि नेतृत्व, दोन्ही त्या चिमट्यांत होतं. मग तिने तेच, तिच्याच शब्दांत, सहा ओळींत लिहिलं.

आपल्या मुलांना स्वतःबद्दल बोलायचा संकोच असतो, तो संस्कार चांगलाच आहे. पण केलेलं काम खरंखुरं सांगणं म्हणजे बढाई नव्हे, हे त्यांना घरातूनच कळायला हवं. नेतृत्वासाठी क्लबचं अध्यक्षपद हवंच असंही नाही. अडलेलं काम कुणी पुढे होऊन मार्गी लावलं, हे समितीला दिसलं पाहिजे.

सेवा म्हणजे विनामोबदला काम. पगारी नोकरी किंवा घरातली मदत तासांत धरली जात नाही. रविवारच्या मराठी शाळेत लहान वर्गाला शिकवायला मदत करणं सहसा चालतं. मंडळाच्या किंवा देवळाच्या कामाबद्दल सल्लागारांना आधी विचारा, कारण प्रत्येक शाखेचे नियम वेगळे असतात. तारीख, तास आणि देखरेख करणाऱ्याचं नाव त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. सही आई-बाबांची नको, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांची घ्या, आणि तीही मुदतीच्या दोन आठवडे आधी मागा. मुदत टळली की फॉर्म घेतला जात नाही.

निबंध आम्ही लिहून देत नाही, तुम्हीही देऊ नका. चौथा निकष चारित्र्याचा आहे, आणि दुसऱ्याने लिहिलेला निबंध तिथेच खोटा ठरतो. आम्ही प्रश्न विचारतो, ऐकतो, कुठे अर्थ लागत नाही ते दाखवतो.

निवड झाली नाही, तर आधी मुलालाच सल्लागारांना भेटू द्या. पुढच्या वर्षी काय सुधारायचं, हे त्याने शांतपणे विचारावं. अपील शाळेतच, मुख्याध्यापकांकडे करता येतं. राष्ट्रीय कार्यालय शाळेचा निर्णय बदलत नाही. मुलाला त्या दिवशी फार लागलेलं असतं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर दुसऱ्यांच्या मुलांची नावं काढू नका, ही आमची कळकळीची विनंती.

'तुमच्या मुलाची निवड झाली, शुल्क भरा' अशी पत्रं पोस्टाने थेट घरीही येतात. ती या सोसायटीची नसतात. इथली निवड शाळेतच होते आणि शाखेची वर्गणी वर्षाला २० डॉलरपेक्षा जास्त नसते. पैसे भरण्याआधी शाळेच्या समुपदेशकांना विचारा. अनेक कॉलेजांना एकच प्रवेश-अर्ज पाठवता येतो त्या कॉमन अॅपमध्ये सन्मानांसाठी पाच जागा असतात, त्यांतली एक या सभासदत्वाने भरेल. नुसत्या त्याच्या जोरावर प्रवेश मिळत नाही.

पहिल्या भेटीला मुलाला सोबत आणाच. शाळेचा मूळ फॉर्म आणि गेल्या दोन वर्षांचं घरचं कॅलेंडर आणा, म्हणजे केव्हा काय काम केलं ते आठवेल. फॉर्म कोरा असला तरी चालेल.