कफलिंक
शर्टाच्या बाहीचा कफ मनगटाशी बंद करणारे, जोडीने वापरायचे सुटे बटण. अशा शर्टाच्या कफला शिवलेले बटण नसते, दोन्ही कडांना काजच असते. नेहमीच्या कफात एक कड दुसरीवर चढते. इथे मात्र दोन्ही कडा नमस्कारात जुळलेल्या तळहातांसारख्या आतल्या बाजूने एकमेकींना टेकतात आणि काजांतून ओवलेली कफलिंक त्यांना धरून ठेवते. कफ दुमडून दुहेरी केलेला असेल, तर ती चार काजांतून जाते.

युरोपात पूर्वी बाहीचे टोक फितीने किंवा नाडीने बांधत. सतराव्या शतकात तिथे छोट्या साखळीने जोडलेली दोन बटणे दिसू लागली. मुकुटाखाली दोन हृदये कोरलेली त्या काळातली बटणे इंग्लंडमध्ये सापडतात. राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या १६६२ मधील विवाहाशी त्यांचा संबंध जोडला जातो. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती याच विवाहात.

कफलिंकला खरे दिवस आले ते खळीमुळे. एकोणिसाव्या शतकात पुरुषांचे कफ आणि कॉलर खळ घालून पुठ्ठ्यासारखे ताठ करण्याची रीत पडली. त्या जाड, कडक कापडातून शिवलेले बटण सरकवणे अवघड होते, सुटी कफलिंक मात्र सहज बसे. धातूवर विजेच्या साहाय्याने मुलामा चढवता येऊ लागला, तशी सोन्याची झळाळी कारकुनाच्या मनगटावरही आली.

साखळीची कफलिंक सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत देखणीही, कारण तिच्या दोन्ही बाजू सजवलेल्या असतात. एका हाताने ती लावणे मात्र कष्टाचे. म्हणून पुढे फिरत्या आडव्या दांडीचा प्रकार रूढ झाला: दांडी सरळ करून काजांतून घालायची आणि पलीकडे आडवी करायची. रेशमी दोऱ्याच्या गाठींच्या कफलिंक विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या शार्वे या शर्टवाल्यांनी लोकप्रिय केल्या.

महाराष्ट्रात कफलिंक सुटाबरोबरच दिसते. पण सदऱ्याच्या छातीवर लावायची, साखळीने गुंफलेली सोन्याची बटणे तिची जवळची नातलग म्हणावी लागतील. तीही शिवलेली नसतात. सदरा धुवायला टाकण्याआधी ती काढून डबीत ठेवायची असतात.