माजी सैनिकांचा संसर्गरोगतज्ज्ञ (अमेरिका)

अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या रुग्णालयांत संसर्गजन्य रोगांचे निदान, उपचार व प्रतिबंध यांची जबाबदारी सांभाळणारा विशेषज्ञ डॉक्टर. या विभागाला तिथे सगळे 'व्हीए' म्हणतात. त्याची आरोग्यसेवा देशातील सर्वांत मोठी एकसंध रुग्णालय-यंत्रणा आहे: सुमारे १७० वैद्यकीय केंद्रे, हजाराहून अधिक बाह्यरुग्ण दवाखाने आणि नोंदणी केलेले सुमारे ९० लाख माजी सैनिक. बाहेरच्या रुग्णालयातला संसर्गरोगतज्ज्ञ आणि व्हीएमधला संसर्गरोगतज्ज्ञ पुस्तके तीच वाचतात. फरक पडतो तो रुग्णामुळे. इथला रुग्ण बहुधा वयस्क पुरुष असतो, त्याला चार-पाच जुनाट आजार असतात, रोजच्या गोळ्यांची यादी लांबलचक असते आणि तरुणपणी तो अशा मुलखात राहून आलेला असतो, जिथले जंतू त्याच्या गावच्या डॉक्टरने कधी पाहिलेले नसतात.

या कामाची पायाभरणी क्षयरोगाने केली. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयाने आजारी माजी सैनिकांची संख्या मोठी होती. १९४६ मध्ये व्हीए, भूदल आणि नौदल यांनी मिळून स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचण्या सुरू केल्या आणि अनेक रुग्णालयांनी एकाच आराखड्याने औषध तपासण्याची पद्धत तिथून रुळली. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या एका धोरणपत्रकाने व्हीए रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली गेली. आज या पदावरचा डॉक्टर बहुतेक वेळा शेजारच्या विद्यापीठात प्राध्यापकही असतो, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

सेवेचा इतिहास

रुग्ण कुठे, कोणत्या वर्षी आणि कोणत्या कामावर होता, हा या तपासणीतला पहिला प्रश्न. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांसाठी व्हीएने असे प्रश्न छापलेले खिशात मावणारे कार्डच केले आहे. तरीही हा प्रश्न राहून जातो, कारण सत्तरीच्या माणसाला ताप आला की पन्नास वर्षांपूर्वीची नेमणूक कोणाच्या डोक्यात येत नाही.

व्हिएतनाममध्ये लढलेल्यांच्या बाबतीत सर्वांत धोक्याची चूक होते ती स्ट्राँगिलॉइडिस या कृमीच्या बाबतीत. अनवाणी पायाच्या त्वचेतून अळी शरीरात शिरते, आतड्यात वाढते आणि आतल्या आत पुन्हा संसर्ग करत राहते. त्यामुळे बाहेरून नवा संसर्ग न होताही ती दशकानुदशके टिकते. अधूनमधून पोटदुखी, अंगावर उठणारे चट्टे, रक्तात किंचित वाढलेल्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी, इतकेच तिचे अस्तित्व. मग एक दिवस दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोन हे स्टिरॉइड सुरू होते, प्रतिकारशक्ती दबते आणि अळ्या फुप्फुसांपासून मेंदूपर्यंत पसरतात. जाताना आतड्यातले जंतूही सोबत नेतात. कारण न सापडणारा ग्राम-निगेटिव्ह जंतूंचा रक्तसंसर्ग किंवा मेंदूज्वर दिसला, तर त्यामागे ही कृमी असू शकते. नेमक्या याच वेळी स्टिरॉइडमुळे इओसिनोफिल पेशी दिसेनाशा होतात, आणि 'इओसिनोफिल नाहीत म्हणजे कृमी नाही' हा निष्कर्ष जिवावर बेततो. शौचाच्या एका तपासणीवरही विसंबता येत नाही. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी अधिक भरवशाची. उपचार स्वस्त आणि सोपा आहे: आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ३ मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या, एक किंवा दोन दिवस. संसर्ग पसरलेला असेल तर मात्र शौच व थुंकी सलग दोन आठवडे अळीमुक्त राहीपर्यंत औषध रोज चालते. म्हणून दीर्घकाळ स्टिरॉइड देण्याआधी, अवयव प्रत्यारोपणाआधी ही चाचणी करून घ्यावी, असा आग्रह संसर्गरोगतज्ज्ञ धरतो.

त्याच भूमीतला दुसरा जंतू मेलिऑइडोसिसचा. भाताच्या खाचरातल्या चिखलात तो राहतो आणि मधुमेह झाल्यावर, कधी कित्येक वर्षांनी, फुप्फुसात किंवा यकृतात गळू होऊन डोके वर काढतो. शंका आल्यास प्रयोगशाळेला आधी फोन करावा लागतो. जंतू हाताळणाऱ्यांना धोका असतो आणि स्वयंचलित यंत्रे त्याला भलत्याच नावाने ओळखतात. किमान १० ते १४ दिवस शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम आणि त्यानंतर किमान तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या द्याव्या लागतात. दुसरा टप्पा अर्धवट सोडला की आजार उलटतो.

इराक-अफगाणिस्तानच्या पिढीचे आजार निराळे. जखमांमध्ये अनेक औषधांना दाद न देणारा असिनेटोबॅक्टर हा जंतू. वाळूमाशीने दिलेला त्वचेचा लेशमानियासिस हा परजीवीचा आजार. जनावरांच्या धुळीतून आलेला क्यू ताप. क्यू ताप हृदयाच्या झडपेत ठाण मांडून बसला तर नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काहीच उगवत नाही, आणि डॉक्सिसायक्लिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही जोडी किमान १८ महिने, कृत्रिम झडप असल्यास २४ महिने द्यावी लागते. अफगाणिस्तानातून आलेला व्हायव्हॅक्स मलेरिया परतल्यावर काही महिन्यांनी उलटतो, कारण त्याचे सुप्त रूप यकृतात दडलेले असते. त्यावर प्रायमाक्विन ३० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. मात्र आधी रक्तातील जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी अनिवार्य. ते कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात.

निदानाला इथे आर्थिक बाजूही असते. आखाती युद्ध आणि अफगाणिस्तानातील सेवेसाठी व्हीएने २०१० पासून नऊ संसर्गजन्य आजार 'सेवेमुळेच झाले' असे गृहीत धरले आहेत: ब्रुसेलोसिस, कॅम्पिलोबॅक्टर, क्यू ताप, मलेरिया, क्षय, साल्मोनेला, शिगेला, अंतर्गत अवयवांचा लेशमानियासिस आणि वेस्ट नाईल विषाणू. मलेरियासारख्या दोघातिघांना वेगळे नियम सोडले तर आजार सेवामुक्तीनंतर वर्षभरात दिसायला हवा. क्षय आणि लेशमानियासिस यांना कालमर्यादा नाही. डॉक्टरने कागदावर 'जुना ताप' एवढेच लिहिले तर रुग्णाच्या भरपाईचा दावा लटकतो. जंतूचे नाव, चाचणीची तारीख आणि सेवेचे ठिकाण हे तिन्ही नोंदीत हवे.

वॉर्डातले काम

हे विदेशी जंतू महत्त्वाचे असले तरी रोजचे काम त्यांचे नाही. रोजचे काम म्हणजे मधुमेही पायाचे हाड, बेडसोअर, कृत्रिम गुडघा, पेसमेकर आणि रक्तातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. यातल्या शेवटच्या प्रसंगी संसर्गरोगतज्ज्ञाचा सल्ला घेतल्यास मृत्यू कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कारण फार गूढ नाही. ठरलेल्या गोष्टी कोणीतरी न चुकता करून घेते. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर २४ ते ४८ तासांनी पुन्हा घ्यायचे. हृदयाची इकोकार्डिओग्राफी करायची. पाठ दुखते का विचारायचे आणि दुखत असेल तर मणक्याचा एमआरआय काढायचा. जंतू मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्या कुळातल्या प्रतिजैविकाला) दाद देणारा निघाला की व्हँकोमायसिन थांबवून सेफॅझोलिन २ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू करायचे. उपचाराचे दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून. औषध सुरू झाल्यापासून मोजणे ही नेहमीची चूक. गुंतागुंत नसेल तर किमान १४ दिवस, अन्यथा चार ते सहा आठवडे.

इथे हमखास आडवी येते ती 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' ही जुनी नोंद. सैन्यात भरती झाल्यावर घशाच्या संसर्गाची साथ टाळण्यासाठी अनेकांना कमरेत बेन्झाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन दिले जाई. त्यानंतर चक्कर आली किंवा अंगावर पुरळ उठले तरी 'अ‍ॅलर्जी' असा शेरा पडू शकतो आणि पुढे आयुष्यभर चिकटून राहतो. असा शेरा असलेल्या दहापैकी नऊ जणांना प्रत्यक्षात पेनिसिलिन चालते. नीट चौकशी करून आणि तोंडावाटे चाचणी-मात्रा देऊन हा शेरा पुसणे ही खरोखर मोठी सेवा आहे.

औषधांची टक्कर हाही या रुग्णांचा खास प्रश्न. युद्धोत्तर मानसिक आघातासाठी सर्ट्रालीन घेणाऱ्याला लिनेझोलिड हे प्रतिजैविक देताना सेरोटोनिन वाढण्याकडे लक्ष ठेवावे लागते. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राविर घेणाऱ्या मधुमेह्याला मेटफॉर्मिन दिवसाला १ ग्रॅमच्या वर नेता येत नाही. रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या एचआयव्हीच्या औषधासोबत दम्याचा फ्ल्यूटिकासोन या स्टिरॉइडचा फवारा चालू राहिला, तर स्टिरॉइड रक्तात साठून चेहरा सुजतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. व्हीए हा एचआयव्ही उपचार देणारा देशातला सर्वांत मोठा एकल पुरवठादार आहे, त्यामुळे अशा जोड्या रोज समोर येतात.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या विभागात तज्ज्ञाचे काम बहुधा औषध न देण्याचे असते. कॅथेटर वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू असतातच. लघवी गढूळ आहे, वास येतो, म्हणून प्रतिजैविक सुरू केले की पुढच्या वेळी अधिक चिवट जंतू मिळतो, वर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब. पण या रुग्णाला कमरेखाली वेदना जाणवत नाही, त्यामुळे जळजळीची वाट पाहूनही चालत नाही. ताप, वाढलेले स्नायूंचे आचके, एकाएकी चढणारा रक्तदाब आणि घाम, कॅथेटरभोवती नव्याने होणारी गळती ही त्याची लक्षणे. ती असतील तरच कल्चर पाठवायचे, आणि तेही जुना कॅथेटर बदलून नव्यातून.

रुग्णालयाची राखण

संसर्ग-नियंत्रण समिती आणि प्रतिजैविकांच्या योग्य वापराची मोहीम सहसा याच डॉक्टरकडे असते. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हीएने एमआरएसएविरुद्ध (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्ध) देशभर एकच कार्यक्रम लागू केला: दाखल होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना नाकातून नमुना, जंतू सापडल्यास हातमोजे व गाऊन, हातांची स्वच्छता, आणि ही जबाबदारी सर्वांची, ही शिस्त. जून २०१० पर्यंत अतिदक्षता विभागांतील एमआरएसए संसर्ग दर हजार रुग्णदिवसांमागे १.६४ वरून ०.६२ वर आले. श्रेय नाकाच्या तपासणीचे की हात धुण्याचे, यावर तज्ज्ञांत अजूनही मतभेद आहेत.

लीजनेअर आजाराचे तर नावच माजी सैनिकांवरून पडले. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिक संघटनेचे अधिवेशन झाले आणि तिथे आलेल्यांत न्यूमोनियाची साथ पसरली. हॉटेलच्या आसपासचे धरून ३४ जण दगावले. जंतू सापडला जानेवारी १९७७ मध्ये. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो वाढतो. त्यामुळे गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि नळाशी भाजू नये म्हणून मिश्रण-झडप बसवायची, अशी दुहेरी कसरत रुग्णालयाच्या अभियंत्यासोबत करावी लागते. बंद वॉर्डातले न वापरलेले नळ हा नेहमीचा कच्चा दुवा. लघवीतील प्रतिजन चाचणी या जंतूचा (लीजनेलाचा) फक्त सीरोगट १ हा एक प्रकार पकडते. ती निगेटिव्ह आली म्हणून लीजनेला नाही, असे म्हणता येत नाही. थुंकीचा पीसीआर (जंतूची जनुके शोधणारी चाचणी) किंवा कल्चर हवे.

हेपॅटायटिस सी

या क्षेत्राचे सर्वांत ठळक यश हेच. १९४५ ते १९६५ दरम्यान जन्मलेल्यांत, विशेषतः व्हिएतनाम पिढीत, हा विषाणू फार पसरला होता. थेट विषाणूवर काम करणारी गोळ्यांची औषधे आल्यावर, २०१४ पासून पाचेक वर्षांत व्हीएने एक लाखाहून अधिक माजी सैनिकांना बरे केले. पद्धत ठरलेली: प्रतिपिंड आढळल्यास त्याच नमुन्यावर आरएनए चाचणी (विषाणू अजून रक्तात आहे का, हे पाहायला), मग यकृताच्या काठिण्याचा अंदाज, हेपॅटायटिस बीची तपासणी, कारण सी दबल्यावर बी उसळू शकतो, आणि औषधांची यादी. सोफोसबुविरसोबत अमिओडॅरोन हे हृदयाच्या ठोक्यांचे औषध असेल तर नाडी धोकादायकरीत्या मंदावते. ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविरच्या तीन गोळ्या रोज जेवणासोबत आठ आठवडे, किंवा सोफोसबुविर-व्हेल्पाटासविरची एक गोळी बारा आठवडे. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणू नसेल तर रुग्ण बरा. खरी अडचण औषधाची नव्हतीच. घर नसलेला, फोन नंबर बदलणारा रुग्ण शोधून आणायची होती. ते काम औषधतज्ज्ञ, परिचारिका आणि समाजसेवकांनी केले. सिऱ्होसिस (यकृत घट्ट व जखमी होणे) झालेल्याला विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकत नाही, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतोच.

शिक्षण आणि नेमणूक

अमेरिकी विद्यार्थ्याला पदवीची चार वर्षे, वैद्यकीय शिक्षणाची चार, अंतर्गत वैद्यकशास्त्रातील रेसिडेन्सीची (रुग्णालयातील प्रशिक्षणाची) तीन आणि संसर्गरोग फेलोशिपची किमान दोन वर्षे लागतात. महाराष्ट्रातून एमबीबीएस करून जाणाऱ्याला यूएसएमएलई या अमेरिकी परवाना-परीक्षा देऊन आणि परदेशी पदवीधरांना तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवून रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. इथली एमडी तिथे रेसिडेन्सी म्हणून धरली जात नाही. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्याला दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. व्हीएला डॉक्टर हवा असेल तर ती अट माफ व्हावी अशी शिफारस व्हीए स्वतः करू शकते, बदल्यात तिथे तीन वर्षे पूर्णवेळ काम करायचे. मात्र पात्र अमेरिकी नागरिक मिळत नसेल तरच परदेशी नागरिकाची नेमणूक होते.

नोकरीचे फायदे ठोस आहेत. कोणत्याही एका राज्याचा परवाना सर्व व्हीए रुग्णालयांत चालतो, निष्काळजीपणाच्या दाव्यांत सरकार डॉक्टरच्या जागी उभे राहते आणि पूर्णवेळ डॉक्टरला वर्षाला २६ दिवसांची अर्जित रजा मिळते. पगार मात्र या शाखेचा मुळातच कमी. शस्त्रक्रिया किंवा स्कोपी करणाऱ्याला प्रक्रियेमागे पैसे मिळतात. संसर्गरोगतज्ज्ञ विचार करण्याचे आणि फाइल वाचण्याचे पैसे घेतो, आणि त्याचा दर कोणी फारसा लावत नाही. त्यामुळे फेलोशिपच्या जागा रिकाम्या राहतात आणि लहान गावांतील व्हीए केंद्रे दुरून, संगणकावरच्या लेखी सल्ल्यावर किंवा व्हिडिओवर चालतात.

नेमणूक 'आठव्या भागांत' मोजली जाते. पाच-अष्टमांश किंवा अधिक नोकरी व्हीएमध्ये असेल तरच संशोधनासाठी व्हीएचे स्वतःचे अनुदान मिळते, म्हणून विद्यापीठ आणि व्हीए यांत वेळ वाटून घेणारे हा आकडा जपतात. या अनुदान-व्यवस्थेतून आणि सहकारी चाचण्यांतून निघालेले काम माजी सैनिकांपुरते राहिलेले नाही. नागिणीच्या जिवंत लशीची चाचणी ६० वर्षांवरील ३८,५४६ जणांवर व्हीएच्या नेतृत्वाखाली झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नागीण ५१.३ टक्क्यांनी आणि तिच्यानंतर रेंगाळणारी मज्जातंतूंची वेदना ६६.५ टक्क्यांनी घटली. ती लस अमेरिकेत २०२० मध्ये बंद झाली; आता तिच्या जागी अधिक परिणामकारक अशी, दोन मात्रांची निर्जीव लस दिली जाते.